खिडकी आदिलाबादला, साठा सिकंदराबादला

आदिलाबाद स्थानकाच्या आरक्षण खिडकीवर तुम्ही कृष्णा एक्स्प्रेसचं तिरुपतीचं तिकीट मागता. कर्मचारी चार कळा दाबतो आणि सांगतो, "वेटिंग आहे." हे त्याला कुठून कळलं? शिल्लक बर्थची एकही नोंद त्या खोलीत नसते. ती असते सुमारे तीनशे किलोमीटरवर, सिकंदराबादच्या आरक्षण केंद्रात. आदिलाबाद स्थानक नांदेड विभागात येतं, नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेचा, आणि त्या रेल्वेच्या गाड्यांचा हिशेब सिकंदराबादकडे. त्याच खिडकीवर नंदिग्राम एक्स्प्रेसचं मुंबईचं तिकीट मागितलं, तर ती गाडी मध्य रेल्वेची असल्यामुळे मागणी मुंबईच्या साठ्याकडे वळते. खिडकी तीच, माणूस तोच, पण उत्तर देणारं यंत्र वेगळं. प्रवाशाला याची चाहूलही लागत नाही.

हे सहज घडलेलं नाही. रेल्वेचं संगणकीय आरक्षण दिल्लीत १९८५ साली सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी रेल्वेने या कामासाठी 'क्रिस' ही स्वतंत्र संस्था उभारली. तरीही कित्येक वर्षं प्रत्येक मोठं केंद्र आपापल्या गाड्यांपुरतंच शहाणं होतं. दुसऱ्या टोकाहून परतीचं तिकीट हवं असेल, तर तार पाठवून उत्तराची वाट बघावी लागे. 'कॉन्सर्ट' नावाची नवी प्रणाली १९९४ साली सर्वांत आधी सिकंदराबादला बसवली गेली, आणि एप्रिल १९९९पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रं एकमेकांशी जोडली गेली. देशातल्या कुठल्याही खिडकीवरून कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं ते तेव्हापासून.

आज हीच गरज कितीतरी लहान धंद्यांना आहे. आदिलाबादचा कापूस बाजार घ्या. हंगामात पैनगंगा ओलांडून यवतमाळकडच्या गाड्याही इथे येतात. जिनिंग गिरणीचा काटा गावाबाहेर, हिशेबाचं कार्यालय गावात, भागीदार हैदराबादला किंवा नागपूरला. काट्यावर नोंदलेलं वजन त्याच मिनिटाला तिन्ही ठिकाणी दिसावं, अशी मालकाची साधी अपेक्षा असते. मग कोणीतरी डेटाबेस हैदराबादच्या डेटासेंटरमधल्या सर्व्हरवर ठेवतं, काट्यावरच्या संगणकात सॉफ्टवेअर बसवतं, आणि पहिल्याच दिवशी पडद्यावर लाल अक्षरात त्रुटी येते. या लेखाचा विषय ती त्रुटी आणि तिच्या मागचा सगळा रस्ता आहे. हा रस्ता एका तारेचा नसतो. दोन्ही टोकांनी पाचसहा वेगवेगळ्या बाबतींत एकमेकांशी सहमत व्हावं लागतं, आणि प्रत्येक बाबतीतला बिघाड वेगळा दिसतो. तो ओळखता आला, की दिवसभराचा गोंधळ दहा मिनिटांत मिटतो.

आधी एक जुना घोळ बाजूला करतो, कारण आपल्याकडच्या बऱ्याच दुकानांची आणि गिरण्यांची सॉफ्टवेअरं त्यातूनच वाढली. फॉक्सप्रोच्या काळात डेटाबेस म्हणजे डिस्कवरची एक फाइल होती. चार संगणकांना ती हवी असेल, तर ती एका संगणकावर ठेवून बाकीच्यांना वाटून द्यायची. शोधायचं काम मागणाऱ्या संगणकालाच करावं लागे. हव्या त्या एका शेतकऱ्याची नोंद गाठण्यासाठी अनुक्रमणिकेची आणि फाइलची पानंच्या पानं तारेवरून ओढली जात. एका इमारतीत हे चालून गेलं. दूरच्या रस्त्यावर ते चालत नाही. लिहिता लिहिता संपर्क तुटला, तर अनुक्रमणिकाच बिघडते. खऱ्या डेटाबेस सर्व्हरची रीत वेगळी आहे. तिथे फाइलला हात लावणारा एकच प्रोग्राम, तोही सर्व्हरवर बसलेला. बाकी सगळे त्याला प्रश्न पाठवतात आणि तो फक्त उत्तर पाठवतो. म्हणून जुनं फाइलवाटपाचं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून चालवून देतो असं कोणी म्हणालं, तर त्याला नकार द्या, असं मी सांगेन.

आता प्रश्न पाठवायचा कुठे? सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, डेटाबेसचं नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड विचारलेला असतो. पत्ता यंत्र दाखवतो आणि पोर्ट त्या यंत्रावरचा नेमका प्रोग्राम. मायएसक्यूएलचं ठरलेलं पोर्ट ३३०६, पोस्टग्रेसचं ५४३२, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचं १४३३, ओरॅकलचं १५२१. यांच्या जोडीला ड्रायव्हर लागतो. प्रत्येक डेटाबेसची बोलण्याची पद्धत वेगळी, आणि ड्रायव्हर म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरच्या वतीने त्या पद्धतीने बोलणारा लहानसा प्रोग्राम. मायक्रोसॉफ्टने १९९२ साली 'ओडीबीसी' नावाची सामाईक पद्धत आणली. त्यामुळे एक्सेलसारखा प्रोग्रामही, योग्य ड्रायव्हर असेल तर, यांतल्या कुठल्याही डेटाबेसशी बोलू शकतो. एक बारीक अडचण इथे नेहमी दडलेली असते. सॉफ्टवेअर ३२ बिटचं असेल, तर ड्रायव्हरही ३२ बिटचाच हवा. विंडोज ६४ बिटचं आहे म्हणून ६४ बिटचा ड्रायव्हर टाकला, तर तो सॉफ्टवेअरला दिसतच नाही.

सगळं भरलं, 'कनेक्ट' दाबलं आणि त्रुटी आली. ती वाचायची. आपल्याकडे त्रुटी बघताच खिडकी बंद करून पुन्हा प्रयत्न करण्याची सवय आहे, आणि निम्मा वेळ तिथेच जातो. त्या एका ओळीत बिघाड रस्त्याच्या कुठल्या टप्प्यावर आहे, हे लिहिलेलं असतं.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं, विंडोजवर क्रमांक १००६१, तर बातमी अर्धी चांगली आहे. बहुतेक वेळा याचा अर्थ असा, की तुमचा निरोप त्या यंत्रापर्यंत पोचला आणि यंत्राने या पोर्टवर कोणी ऐकत नाही असं स्पष्ट उत्तर दिलं. डेटाबेस बंद असेल, पोर्ट चुकलं असेल, किंवा डेटाबेस फक्त स्वतःच्या यंत्रावरचंच ऐकत असेल. ही तिसरी शक्यता फार वेळा खरी निघते. उबुंटूवर मायएसक्यूएल बसवलं, की ते मुळातच १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे केवळ त्याच यंत्रावरून आलेल्या मागण्या ऐकतं. पोस्टग्रेसही तसंच. ही काळजी जाणूनबुजून घेतलेली आहे, आणि ती काढून टाकण्याआधी पुढचा भाग वाचावा.

'टाइम्ड आउट' आलं, क्रमांक १००६०, तर उत्तरच आलेलं नाही. निरोप वाटेत कुठेतरी गिळला गेला. बहुतेक वेळा सर्व्हरच्या किंवा डेटासेंटरच्या फायरवॉलने तो मुकाट्याने टाकून दिलेला असतो, कधी पत्ताच चुकलेला असतो. इथे पासवर्ड बदलून बघण्यात काहीच हशील नाही. पासवर्ड विचारणाऱ्यापर्यंत आपण पोचलेलोच नाही.

'ॲक्सेस डिनाइड', मायएसक्यूएलचा क्रमांक १०४५, आलं तर रस्ता, पोर्ट, फायरवॉल सगळं ठीक आहे. अडलंय ते ओळखीवर. मायएसक्यूएलमध्ये वापरकर्त्याची ओळख नाव आणि तो कुठून आला, या दोन्ही मिळून ठरते. सर्व्हरवर बसून चालणारं तेच नाव, तोच पासवर्ड आदिलाबादहून चालत नाही, याचं कारण हेच. त्या पत्त्यावरून येणाऱ्यांना मुळातच परवानगी नसेल, तर ११३० क्रमांकाची त्रुटी येते. पोस्टग्रेस याच कामासाठी 'पीजी एचबीए' नावाची वेगळी यादी ठेवतं. तिथे ओळ नसेल, तर ओळ नाही असं ते सरळ सांगतं.

या टप्प्यावर आदिलाबादसारख्या गावात एक जास्तीची अडचण येते. सर्व्हरवाला म्हणतो, "तुमच्या कार्यालयाचा आयपी पत्ता द्या, तेवढ्यालाच आत घेतो." गिरणीत इंटरनेट मोबाइलचं. मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवतात, कारण जुन्या पद्धतीचे पत्ते जगात पुरेसे उरलेलेच नाहीत. तो पत्ता आज एक असतो, उद्या दुसरा, आणि तो तुमच्या एकट्याचाही नसतो. मग सोमवारी चाललेलं मंगळवारी बंद पडतं. वैतागलेला माणूस शेवटी म्हणतो, "सगळ्यांनाच उघडं करा." आणि सर्व्हरवाला करतो.

यात मला तडजोड सहजासहजी मान्य नाही, म्हणून इथे जरा थांबतो. इंटरनेटवर उघडं ठेवलेलं ३३०६ फक्त तुम्हालाच दिसत नाही. जगभरचे प्रोग्राम रात्रंदिवस एकेक पत्ता आणि एकेक पोर्ट ठोठावत असतात. २५ जानेवारी २००३ रोजी 'स्लॅमर' नावाचा किडा एसक्यूएल सर्व्हरच्या १४३४ या पोर्टवरून पसरला. तो अवघा ३७६ बाइटचा होता, आणि सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी त्याची संख्या दुप्पट होत गेली. दहा मिनिटांत त्याने सुमारे ७५,००० यंत्रं गाठली. ज्या दोषावर तो जगला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने सहा महिने आधीच दिली होती. जानेवारी २०१७मध्ये मोंगोडीबीचे हजारो उघडे साठे रिकामे करून जागोजागी खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. बिटकॉइन द्या, तुमचा डेटा परत देतो. पैसे देऊनही तो परत मिळेल याची खात्री नव्हती. अनेक ठिकाणी मुळात पासवर्डच लावलेला नव्हता. मे २०२२मध्ये शॅडोसर्व्हर या संस्थेने मोजणी केली, तेव्हा ३३०६वर उत्तर देणारे ३६ लाख मायएसक्यूएल सर्व्हर इंटरनेटवर सापडले. एवढ्या वर्षांच्या अनुभवानंतरची ही संख्या आहे.

गिरणीच्या डेटाबेसात काय असतं? शेतकऱ्याचं नाव, गाव, आधार क्रमांक, बँक खातं, आणि त्याच्या वर्षभराच्या मेहनतीचं वजन किलोत लिहिलेलं. हे साठे लहान असले, तरी त्यांतली माणसं खरी आहेत.

मग आदिलाबादहून जोडायचं कसं? उत्तर १९९५ सालचं आहे. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी येणारे-जाणारे पासवर्ड टिपत असल्याचं उघड झालं, आणि तिथल्या तातू इलोनेन या संशोधकाने 'एसएसएच' लिहिलं. त्याचं पोर्ट २२. त्यातून दूरच्या यंत्रावर कूटबद्ध रस्त्याने काम करता येतं, आणि त्याच रस्त्याच्या पोटातून दुसरी एखादी जोडणीही नेता येते. काट्यावरच्या संगणकाला सांगायचं, की माझ्या स्वतःच्या ३३०७ पोर्टवर जे येईल, ते एसएसएचमधून सर्व्हरपर्यंत ने आणि तिथे १२७.०.०.१च्या ३३०६ला दे. सॉफ्टवेअरला वाटतं डेटाबेस याच संगणकावर आहे. डेटाबेसला वाटतं मागणी त्याच्याच यंत्रावरून आली. बाहेरच्या जगाला ३३०६ दिसतच नाही. आदिलाबादचा पत्ता रोज बदलला तरी फरक पडत नाही, कारण ओळख पत्त्यावरून पटवली जात नाही, किल्लीच्या फाइलवरून पटवली जाते. डीबीव्हर, हायडीएसक्यूएल, मायएसक्यूएल वर्कबेंच या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रामांत याची सोय आयती आहे. संगणक पाचसहा असतील, तर प्रत्येकावर असा बोगदा काढण्यापेक्षा सगळ्यांना एका खासगी जाळ्यात आणणारं व्हीपीएन उभारणं सोपं जातं. यांतलं काहीच जमत नसेल, तर निदान डेटाबेसच्या जोडणीवर टीएलएस ही कूटबद्धता सक्तीची करा, म्हणजे वाटेत कोणी डोकावलं तरी त्याला वाचता येणार नाही. मात्र ती पळवाट म्हणूनच धरा. दार उघडंच राहतं.

बोगद्याने रस्त्यावरचा धोका गेला, तरी टोकाचा राहतो. डेटाबेसचा पासवर्ड काट्यावरच्या संगणकात लिहिलेला आहे. तो ज्याच्या हाती लागेल, तो सॉफ्टवेअर बाजूला ठेवून थेट डेटाबेसशी बोलू शकतो, जुन्या काटापट्टीवरचं, म्हणजे वजनाच्या पावतीवरचं, वजन बदलू शकतो, सगळा तक्ता पुसू शकतो. सॉफ्टवेअरमध्ये 'डिलीट'चं बटण नाही, एवढ्याने काही थांबत नाही. म्हणून काट्यावरच्या खात्याला नवी नोंद घालण्याचा आणि वाचण्याचा अधिकार द्यावा, बदलण्याचा आणि पुसण्याचा देऊ नये. हे डेटाबेसमध्येच दोन ओळींत ठरवता येतं. चूक दुरुस्त करायची असेल, तर नवी दुरुस्तीची नोंद घालावी. जुनी नोंद तशीच राहते आणि शेतकऱ्याच्या हातातल्या पावतीशी ताडता येते. आदिलाबादच्या कोणत्याही गिरणीत फक्त एकच सुधारणा करता येणार असेल, तर मी ही निवडेन.

रेल्वे याच्याही पुढे गेली. आरक्षणाच्या खिडकीला आसनांच्या साठ्याला थेट हात लावता येत नाही. खिडकीची मागणी मधल्या थराकडे जाते. त्यासाठी डिजिटल इक्विपमेंट कंपनीची 'रिलायेबल ट्रान्झॅक्शन राउटर' ही यंत्रणा वापरली गेली. कुठली मागणी कुठल्या केंद्राकडे पाठवायची, ती पुरी झाली की नाही, अर्धवट राहिली तर काय करायचं, हे तो थर बघतो. खिडकीला "ही गाडी, ही तारीख, दोन बर्थ" एवढंच मागता येतं. आसनांचा तक्ता बदला, असं म्हणण्याची भाषाच तिला येत नाही. आजच्या सॉफ्टवेअरांत हा मधला थर वेब सेवेच्या रूपात असतो. डेस्कटॉपवरचा प्रोग्राम ४४३ पोर्टवरून तिला मोजक्या मागण्या करतो, आणि डेटाबेसचा पासवर्ड फक्त तिच्याकडे राहतो.

या मधल्या थराचा आणखी एक फायदा आदिलाबादला लगेच पटेल असा आहे. इथल्या गाड्यांच्या क्रमांकांची सुरुवात आधी एपी ०१ होती, तेलंगण राज्य झाल्यावर ती टीएस ०१ झाली, आणि मार्च २०२४पासून नव्या गाड्यांना टीजी ०१ मिळू लागलं. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि निर्मलला १८, मंचेरियालला १९, आसिफाबादला २० असे वेगळे क्रमांक मिळाले. काट्यावर येणाऱ्या गाड्यांत यवतमाळच्या एमएच २९ आणि चंद्रपूरच्या एमएच ३४ही असतात. गाडीचा क्रमांक बरोबर आहे का, हे तपासणारा नियम प्रत्येक संगणकातल्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला असेल, तर अशा प्रत्येक बदलाला सगळ्या संगणकांपुढे जाऊन बसावं लागतं. एखादा राहूनच जातो, आणि त्या काट्यावर टीजीची गाडी 'चूक' ठरते. नियम मधल्या थरात असेल, तर बदल एकदाच, एकाच जागी.

अर्थात एकच काटा, एकच विश्वासू कारकून आणि दिवसाला पन्नास नोंदी असतील, तर एसएसएचचा बोगदा आणि नीट आवळलेले अधिकार पुरेसे आहेत. मधला थर लिहिण्याचा आणि सांभाळण्याचा खर्च खरा असतो. तिसरा चौथा संगणक जोडायची वेळ आली, की मात्र तो पुढे ढकलू नये.

जोडणी झाली, आता मंद चालते ही तक्रार येते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. आदिलाबाद ते हैदराबाद तीनशे किलोमीटर धरले, तर जाऊन येऊन तीन मिलिसेकंद. प्रत्यक्षात मोबाइलचा टॉवर, वळसे घेत जाणारी केबल, मधली यंत्रं यांमुळे चाळीस लागतात असं समजू. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेने जिल्ह्यांची मुख्यालयं उपग्रहाने दिल्लीशी जोडायला घेतली, तेव्हाची गोष्ट आणखी कठीण होती. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली, एवढ्यात निव्वळ अंतरापायीच जवळजवळ अर्धा सेकंद जातो. तो कुठल्याही पैशाने कमी होत नाही.

चाळीस मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण एका पडद्यावर दिवसाच्या दोनशे काटापट्ट्या दाखवायच्या आहेत, आणि सॉफ्टवेअर आधी पट्ट्यांची यादी मागवतं, मग प्रत्येक पट्टीसाठी शेतकऱ्याचं नाव वेगळं विचारतं. झाले २०१ प्रश्न. सर्व्हर त्याच इमारतीत होता, तेव्हा प्रत्येक फेरीला अर्धा मिलिसेकंद लागे. सगळं मिळून सेकंदाचा दहावा भाग, कोणाच्या लक्षातही आलं नाही. चाळीस मिलिसेकंदांनी तेच आठ सेकंद होतात. उपग्रहाच्या रस्त्याने दीड मिनिटाहून जास्त. मालक इंटरनेटचा मोठा प्लॅन घेतो आणि काहीच फरक पडत नाही, कारण खोळंबा रस्त्याच्या रुंदीचा नाही, फेऱ्यांचा आहे. किराणा आणायला दोनशे वेळा बाजारात जाण्यापेक्षा यादी करून एकदाच जावं, तसं दोन्ही तक्ते जोडून नावासकट यादी एकाच प्रश्नात मागवायची. आठ सेकंदांचं काम पुन्हा निमिषात होतं. दूरच्या डेटाबेससाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा दर्जा ओळखायचा असेल, तर एका पडद्यामागे ते किती प्रश्न पाठवतं, हे आधी विचारा.

दुपारच्या जेवणानंतरची पहिली नोंद अडकते, हाही ठरलेला प्रकार आहे. जोडणी उघडी ठेवून माणसं जेवायला जातात. बराच वेळ काही हालचाल नसली, की मधलं मोबाइलचं जाळं ती जोडणी विसरून जातं आणि दोन्ही टोकांना कळवतही नाही. मायएसक्यूएल स्वतः आठ तास वाट बघायला तयार असतं, पण रस्ता तेवढा थांबत नाही. परतल्यावर पहिला प्रश्न पोकळीत जातो. अधूनमधून रिकामा निरोप पाठवून जोडणी जागी ठेवणं, आणि वापरण्याआधी ती जिवंत आहे का ते तपासणं, हे दोन उपाय सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने करायचे असतात.

याहून गंभीर गोष्ट नोंद पाठवतानाच रस्ता तुटण्याची. काट्यावर कापसाची गाडी उभी आहे, कारकुनाने 'सेव्ह' दाबलं आणि इंटरनेट गेलं. नोंद पोचली का? दोन शक्यता आहेत. ती पोचलीच नाही, किंवा पोचली, लिहिली गेली आणि फक्त 'झालं' हे उत्तर वाटेत हरवलं. काट्यावरच्या संगणकाला या दोन्ही अगदी सारख्याच दिसतात. पुन्हा पाठवावं तर तीच गाडी दोनदा लिहिली जाईल, न पाठवावं तर शेतकऱ्याचा माल कागदावर आलाच नाही असं होईल. उपाय सोपा आणि पक्का आहे. काटापट्टीचा क्रमांक सर्व्हरने द्यायचा नाही. तो काट्यावरच, पाठवण्याआधी तयार करायचा, आणि डेटाबेसला सांगायचं, की हा क्रमांक दोनदा आला तर दुसरा घेऊ नको. मग कारकुनाने हवं तितक्या वेळा 'सेव्ह' दाबावं. पहिली नोंद नसेल तर लिहिली जाईल, असेल तर सर्व्हर आधीच आहे असं सांगेल. वीज आणि इंटरनेट जिथे हमखास जातं, तिथे हा नियम सॉफ्टवेअर घेण्याच्या पहिल्या अटींत असायला हवा.

राहिली लिपी. आदिलाबादमध्ये हा प्रश्न देशातल्या बऱ्याच जिल्ह्यांपेक्षा अवघड आहे. एकाच काट्यावर नावं येतात ती तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी, कोलामी, लंबाडी बोलणाऱ्यांची. याच जिल्ह्यात, नारनूर मंडळातल्या गुंजाळा गावात, गोंडीच्या स्वतःच्या लिपीतली हस्तलिखितं अभ्यासकांसमोर आली. जून २०१८मध्ये युनिकोड या सामाईक अक्षरतक्त्याच्या अकराव्या आवृत्तीत 'गुंजाळा गोंडी' या नावाने ही लिपी दाखल झाली. आदिलाबादच्या एका खेड्याचं नाव त्यामुळे जगभरच्या संगणकांच्या अक्षरतक्त्यात गेलं आहे, आणि मला त्याचा फार आनंद वाटतो.

पण त्या लिपीतलं नाव डेटाबेसपर्यंत पोचवायचं, तर रस्त्यातल्या प्रत्येकाने अक्षरं बाइटमध्ये कशी लिहायची यावर एकमत करावं लागतं. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या आणि तेलुगूच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. उर्दूच्या अक्षराला दोन. गुंजाळा गोंडी तक्त्यात फार उशिरा आली, त्यामुळे तिची जागा लांब आहे आणि तिच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात. मायएसक्यूएलने आधी 'यूटीएफ८' या नावाने जो पर्याय दिला, तो तीन बाइटांपाशीच थांबतो. मराठी, तेलुगू, उर्दू त्यात बिनधोक बसतात. म्हणून सॉफ्टवेअरवाल्याला वाटतं सगळं ठीक आहे. गोंडी लिपीतलं पहिलं नाव आलं, की डेटाबेस १३६६ क्रमांकाची त्रुटी देऊन ते नाकारतो, किंवा ढिली सेटिंग असेल तर नाव तिथेच तोडून टाकतो. चार बाइट घेणारा 'यूटीएफ८एमबी४' हा पर्याय २०१०मध्ये आला, आणि एप्रिल २०१८मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत तोच मूळचा झाला. गुंजाळा गोंडी युनिकोडमध्ये यायच्या दोन महिने आधी. तरीही जुने तक्ते आपोआप बदलत नाहीत, ते मुद्दाम बदलावे लागतात.

तक्ता बदलूनही पुरत नाही. जोडणीनेही तीच पद्धत सांगावी लागते, आणि विंडोजवर मायएसक्यूएलच्या ओडीबीसी ड्रायव्हरचे 'अँसी' आणि 'युनिकोड' असे दोन प्रकार मिळतात, त्यातला युनिकोडच निवडावा लागतो. इथेही बिघाड बघून टप्पा ओळखता येतो. नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग आली, तर वाटेत कोणीतरी अक्षरं न ओळखून फेकून दिली आहेत. ती त्या नोंदीत पुसली गेली असतील, तर परत मिळत नाहीत, कागदावरूनच पुन्हा घालावी लागतात. डोक्यावर चिन्हं असलेली विचित्र रोमन अक्षरं दिसली, तर बाइट शाबूत आहेत, वाचणारा चुकतोय, आणि जाणता माणूस बहुतेक वेळा ती परत आणू शकतो. रिकामे चौकोन दिसले, तर डेटाबेसचा काही दोष नाही. त्या संगणकावर फाँट नाही. गुंजाळा गोंडीसाठी गूगलचा नोटो फाँट मोफत मिळतो, तो टाकला की काम झालं.

म्हणून नवी जोडणी ताब्यात घेताना सॉफ्टवेअरवाल्याने नुसता 'टेस्ट' हा शब्द घालून दाखवला, तर तेवढ्यावर भागवू नये. काट्यावरच्या संगणकावर एक नाव देवनागरीत, एक तेलुगूत, एक उर्दूत आणि एक गुंजाळा गोंडीत घालायला लावावं, 'सेव्ह' दाबल्याबरोबर इंटरनेट तोडावं, पुन्हा जोडावं, पुन्हा 'सेव्ह' दाबावं, आणि मग गावातल्या कार्यालयातल्या दुसऱ्या संगणकावर ती चारही नावं जशीच्या तशी आणि एकेकदाच आली आहेत का ते बघावं. ती आली, तर पैसे द्यावेत.